गंज

नागपूरच्या कुठल्याही घरात जाऊन 'गंज' म्हणालात, तर तुमच्यापुढे पातेलं येतं. आम्हां वैदर्भीयांचा गंज दूध तापवायच्या आणि वरण शिजवायच्या कामी येतो. लोखंडाला जे लागतं त्याला आमच्याकडे 'जंग' म्हणतात. लग्न होऊन पुण्याहून आलेल्या आमच्या सौभाग्यवतीला हा भेद कळायला थोडा वेळ लागला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "तेवढे दोन गंज घासून ठेव गं" असं सांगितल्यावर ती बिचारी बराच वेळ खिडकीच्या गजांकडे पाहत उभी होती, असं आमची आई शेवटपर्यंत सांगत असे.

मला लिहायचं आहे ते दुसऱ्या गंजावर. म्हणजे जंगावर. आणि तोही जगातल्या यच्चयावत लोखंडावरचा नव्हे, तर आमच्या मोटारीवरचा.

मोटारीचं नाव सांगत नाही. एक तर तिच्या कंपनीची यात काही चूक नव्हती, हे पुढे सिद्ध व्हायचं आहे. दुसरं म्हणजे तिच्या पाठीवरच्या नावातली तीन अक्षरं केव्हाच गळून पडली, आणि उरलेल्या अक्षरांवरून एखाद्या आफ्रिकन गावाचा बोध होतो. १९८८ साली ती मी माझ्या थोरल्या भावाकडून, म्हणजे दादाकडून घेतली. दादा माहीमला राहायचा. त्याच्या खिडकीतून समुद्र दिसत नसे, पण वास येत असे. किंमत भावाभावांत ठरते तशी ठरली. म्हणजे त्याला ती फार कमी वाटली आणि मला फार जास्त. गाडी नागपूरला आली तेव्हा डाव्या दिव्याखाली रुपयाएवढा एक तांबूस डाग होता. "त्याला काय होतंय, तीट आहे समज," असं दादा म्हणाला होता.

तीन वर्षांत त्या तिटेला लेकरंबाळं झाली. डावं दार, डावं मडगार्ड, डाव्या बाजूला छताची पन्हळ, सगळीकडे रंगाखाली बारीक बारीक पुटकुळ्या उठल्या. बोटानं दाबलं की 'कुर्र' असा आवाज यायचा आणि शेव पडल्यासारखा भुगा पडायचा. दारांत उभं राहून ही म्हणाली, "तुमच्या दादांनी बरोबर माल खपवला हो तुमच्या गळ्यात." त्या दिवसापासून मी गंजाचा इतिहासकार झालो. एखादा मनुष्य दोषी आहे हे आधी ठरवून मग पुरावे जमवायला लागलं, की इतिहासलेखनाला फार वेग येतो.

माझा सिद्धान्त साधा होता. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. इथं उन्हाळ्यात माणूस वाळून पापड होतो. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत लोखंड गंजायला त्याला सवड तरी कुठून मिळणार? गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. तिसरी, म्हणजे मीठ, असली तर काम झपाट्यानं होतं. कारण गंजणं ही मुळात विजेची भानगड आहे. पत्र्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याकडे बारीकसा प्रवाह पाठवत असतो आणि खारं पाणी ती वीज उत्तम वाहून नेतं. तेव्हा पाणी मुंबईचं, मीठ माहीमचं, आणि भाऊ माझा. गुन्हा शाबीत.

डाग डाव्याच बाजूला का, हा प्रश्न काही चिकित्सकांनी काढला. (चिकित्सक म्हणजे आमचे शेजारी.) त्यावर मी उपसिद्धान्त मांडला, की माहीमला दादा गाडी उभी करताना तिची डावी बाजू समुद्राकडे ठेवत असणार. दादाला हे विचारून घ्यावं असं काही मला वाटलं नाही. अस्सल संशोधक जिवंत साक्षीदाराच्या फंदात पडत नाही.

मात्र गाडीच्या निमित्तानं वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की लोखंडाच्या बाबतीत आमचं नागपूर म्हणजे काही काल-परवाचं गाव नव्हे. काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी आणि माहुरझरी इथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या कापूस खात्यातल्या एका साहेबानं जुनापाणीची काही वर्तुळं उकरली. कापसाच्या माणसानं दगडात हात घालावा आणि त्याला लोखंड सापडावं, हे सरकारी नोकरीतच घडू शकतं. पुढे १९७० ते ७२ या काळात नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देवांनी माहुरझरीला उत्खनन केलं. त्या थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या निघाल्या, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिनेही निघाले.

हे वाचल्यावर मला त्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माहुरझरीकराविषयी एकदम आपलेपणा वाटला. घोडा हे त्याचं वाहन. वाहनाचा दर्शनी भाग चकचकीत असावा ही त्याचीही हौस. पण दागिना त्यानं तांब्याचा केला, लोखंडाचा नाही, हे लक्षात घ्या. तांब्यावर हिरवट कळा येते ती वरच्या वर राहते आणि खालच्या तांब्याला सांभाळते. लोखंडाचा गंज मात्र पापुद्रे धरतो, ते पापुद्रे गळतात आणि खालचं कोरं लोखंड उघडं पडतं. मग त्याची पाळी. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून तर रंगाखाली पुटकुळी उठते. घरात घुसलेल्या पाहुण्यानं आधी कोपरा मागावा आणि मग भिंतच पाडावी, त्यातला प्रकार.

पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठावर नैकुंद आहे. तिथं १९७८ ते ८० च्या उत्खननात देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टी सापडली. बाकदार विटांची गोल भट्टी, भात्याचा वारा आत न्यायच्या मातीच्या नळ्या, शेजारी मळीचे ढिगारे. काळ इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासचा. म्हणजे पुणे-मुंबईचा पत्ता नव्हता तेव्हा आमच्याकडे लोखंड निघत होतं, आणि अर्थात गंजतही होतं. कारण लोखंड काढणं म्हणजे तरी काय? गंजासारखीच लाल माती कोळशाबरोबर जाळायची आणि तिच्यातला प्राणवायू हुसकून लावायचा. गंजणं म्हणजे त्या लोखंडानं पुन्हा माहेरी जाणं. आपण त्याला चार दिवस सासरी डांबून ठेवतो एवढंच.

माहेरच्या गोष्टीवरून आठवलं. दिल्लीला कुतुबमिनाराजवळ लोखंडाचा तो प्रसिद्ध खांब उभा आहे. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, वय सुमारे सोळाशे वर्षं, आणि गंज म्हणाल तर नावाला. त्यावरच्या लेखातला 'चंद्र' म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक विद्वान मानतात. या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता आमच्याकडे दिली होती. वाकाटक राजा रुद्रसेनाची ती राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा तिनं स्वतः राज्य चालवलं, ते रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून. आज त्याला नगरधन म्हणतात. तिथं उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे. आता मला सांगा, बाप न गंजणाऱ्या लोखंडाचा धनी, लेक नागपूरच्या उंबऱ्यात. रुखवतात ती विद्या यायला काय हरकत होती? पण नाही आली. तिची दानपत्रं आहेत ती तांब्याच्या पत्र्यावर. सरकारला लोखंडाचा स्वभाव तेव्हाही ठाऊक होता. त्यातलं नंदिवर्धनाहून दिलेलं एक दानपत्र तर सापडलं पुण्यात. विदर्भातली वस्तू पुण्यात जाऊन बसण्याची परंपरा किती जुनी आहे, ते हिला मी तेव्हाच दाखवून दिलं. तिनं फक्त "चहाचा गंज उतरवा" एवढंच म्हटलं.

त्या खांबाचं रहस्य कानपूरच्या आय. आय. टी. तल्या बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे पहिल्यांदा जो गंज चढला, तोच पातळ, घट्ट साय धरून बसला आणि त्यानं पुढच्या गंजाला दार बंद केलं. म्हणजे खांब गंजला नाही असं नाही. वेळेवर थोडासा गंजला आणि शहाणा झाला. माणसांत असे फार थोडे.

आणि आधुनिक पोलादाचं म्हणाल, तर त्यातही नागपूर आहेच. जमशेटजी टाटांनी १८७७ साली इथं एम्प्रेस मिल सुरू केली ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि लोहाऱ्याच्या दगडांनी त्यांना वेड लावलं. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला पाठवून तपासून घेतला; तो काही भट्टीला चालेना. वीस-एक वर्षांनी पुन्हा शोध सुरू झाला, तेव्हाही लोहाऱ्याला पुरेसं काही हाती लागलं नाही. हा नाद सोडतो आहोत, असं कळवायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले. साहेबांची भेट व्हायला वेळ होता. तेव्हा वेळ काढायला म्हणून ते समोरच्या अजायबघरात शिरले. आपला १८६३ सालचा अजब बंगला. तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा होता आणि दुर्गच्या बाजूला लोखंडाचा गडद रंग दिलेला होता. दोराबजी मंडळींना घेऊन तिकडे गेले, ते धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर. पाय आपटला की धातूसारखा आवाज येत होता म्हणतात. पुढे कारखाना झाला तो साकचीला, आणि १९१२ मध्ये तिथं पोलाद निघालं; राजहऱ्याचा डोंगर १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्यांत जातो आहे. पण थांबलेली गाडी पुन्हा चालू झाली ती नागपुरात, आणि साहेब जागेवर नव्हते म्हणून. सरकारी कचेरीत ताटकळण्याचा देशाला एवढा फायदा त्यानंतर झालेला मला माहीत नाही.

इतकी सगळी विद्वत्ता जमवली, पण गाडीचे डाग वाढतच होते. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. दर वेळी मी तिला रंगाऱ्याकडे नेत असे. तो कागदानं वरवर घासायचा, लांबी भरायचा, रंग मारायचा. गाडी नव्या नवरीसारखी तपासणीला जायची, पास व्हायची आणि पहिल्या पावसाळ्यात पुन्हा सासुरवाशिणीसारखी दिसायला लागायची. प्रत्येक वेळी मी दादाच्या नावानं एक वाक्य बोलत असे. ही त्यात दुसरं घालत असे. दादाच्या कानावर ते जात असणार. पहिली काही वर्षं तो दिवाळीला फोनवर विचारायचा, "गाडी काय म्हणते?" मी म्हणायचो, "तुझी आठवण काढते." मग त्यानं विचारायचं बंद केलं. मग दिवाळीचा फोन वहिनींचा येऊ लागला. मग मुलांचे. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आमचं भांडण झालंच नाही, नुसत्या पुटकुळ्या उठत राहिल्या.

२०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीची नोंदणी वाढवायची फी एकदम पाच हजार झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका." मला ते पटत नव्हतं, पण गाडीच्या डाव्या दारातून आता रस्ता दिसत होता. शेवटचा उपाय म्हणून महालातल्या एका म्हाताऱ्या डेंटर मिस्त्रीला घरी बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, डाव्या बाजूला उकिडवा बसला, उजव्या बाजूला जाऊन बसला, आणि गाडीखाली पाठीवर सरकला. मी त्याला माहीमचा सिद्धान्त सविस्तर सांगत होतो. गाडीखालून आवाज आला, "साहेब, कायले मुंबईच्या मागं लागून राह्यले जी?"

"म्हणजे?"

"मुंबईचा जंग असता त खालून चढला असता. खाली पाहा न, फ्लोअर कसा टनाटन आहे. हा जंग वरून उतरला बाप्पा." तो बाहेर आला, हात झटकले आणि मान वर करून म्हणाला, "वरतं पाहा."

मी वर पाहिलं. वर आमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी होती, आणि खिडकीत कूलर होता.

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे मार्च उजाडला की घरोघरी पत्र्याचे कूलर माळ्यावरून उतरतात. तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. टाकी दर वर्षी गंजते. दर वर्षी तिला आतून डांबर फासायचं, भोकं बुजवायची आणि बाहेरून रंगाचा हात द्यायचा, हा आमचा होळीनंतरचा सण. पाणी जड. ते दिवसभर वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. मे महिन्यात टाकीतलं पाणी चाखलं तर माहीमचा भास व्हावा. आणि ही टाकी भरायला नळी लावून माणूस वर्तमानपत्र वाचायला बसला, की ती वाहून जाते. आमच्या घरी टाकी भरायचं काम माझ्याकडे आहे.

गाडी त्या खिडकीखालच्या बोळात १९८८ पासून उभी राहते. डावी बाजू भिंतीकडे. छताच्या पन्हळीवर टाकीचं खारं पाणी तीस-पस्तीस उन्हाळे पडत होतं. पन्हळीतून खांबावर, खांबावरून दारात, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं पाचोळ्यानं बुजलेली, त्यामुळे तिथं मुक्काम. भिंतीवर पांढऱ्या ओघळांचा नकाशा स्पष्ट उमटला होता. दोराबजींना तो एका भेटीत दिसला असता.

"खारं वारं काय एकाच साईडले लागते जी?" मिस्त्रीनं विचारलं. पस्तीस वर्षांचं संशोधन त्यानं एका वाक्यात भंगारात काढलं.

मागे दारात ही उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता टाकीवरून उद्धार होणार. पण ती एवढंच म्हणाली, "दादांना आपण किती बोललो हो." त्यातलं 'आपण' तिनं स्वतःहून घातलं होतं, हे मी नमूद करून ठेवतो.

मिस्त्रीनं आठ दिवस काम केलं. आधीच्या रंगाऱ्यांसारखं त्यानं काही झाकलं नाही. डागाच्या पुढे दोन बोटं जाऊन, चमकतं लोखंड लागेपर्यंत खरडलं. सडलेला पत्रा कापून टाकला, नवा तुकडा गॅसनं जोडला, दाराची भोकं तारेनं मोकळी केली. मग लालभडक प्रायमर मारला. मी डबा हातात घेऊन वाचला: रेड ऑक्साइड. म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. म्हणजे वंशानं गंजच! मी हे मिस्त्रीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "मंग? घरचाच माणूस लागते न चौकीदारीले."

आता त्याच्या बोलण्यावरून मला मुलानं सांगितलेलं आठवलं. हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. रंगाला ओरखडा पडला, की जस्त पुढे होतं आणि लोखंडाच्या वाटणीचं गंजणं स्वतः गंजतं. लोखंड शाबूत राहतं आणि जस्ताचं नावही कोणी काढत नाही. आमच्या घरी टाकी वाहायची ती माझ्या हातून, आणि बोल लागायचा तो माहीमला. पस्तीस वर्षं जस्तानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

रात्री फोन लावला. दादा आता ऐंशीच्या पुढे आहे; ऐकू कमी येतं. वहिनींनी त्याच्या हातात फोन दिला.

"दादा, अरे, गाडीचा गंज..." मी सुरुवात केली.

"काय?"

"गंज! गाडीचा गंज! तो तुझा नव्हता. माझ्या कूलरचा होता!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादानं वहिनींना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "अगं, तो म्हणतोय त्याचा गंज आपल्याकडे राहिलाय. बघ बरं स्वैपाकघरात." दादाचा जन्मही नागपूरचाच. पन्नास-साठ वर्षं माहीमला काढूनही त्याच्या डोक्यातला गंज पातेल्याचाच होता.

मी पुन्हा ओरडून सगळं सांगितलं. टाकी, पन्हळ, डावी बाजू, मिस्त्री. त्याला किती कळलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. गाडी काय म्हणते?"

गाडीचे पाच हजार मी दुसऱ्याच दिवशी भरून टाकले. कूलर आता मागच्या खिडकीत बसवला आहे. त्याच्या खाली हिची तुळस आहे, आणि ती तक्रार करत नाही.